सुयांवर बावीस, गादीवर एकोणीस

भुतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी आहे ती मुख्यतः करमणुकीसाठी. इथले पिंपळ, पांढऱ्या साड्या, मागून येणाऱ्या हाका मी जेवताना वाचते आणि आवडलेल्या जागा रूममेटला मोठ्यानं वाचून दाखवते. पदार्थविज्ञानात पीएचडी करतेय. काचेच्या पट्टीवर नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके पातळ थर चढवणं, हा माझा उद्योग. दिवसभर मोजमाप करणाऱ्या माणसाला भुताखेतांची चैन परवडत नाही... तेव्हा खाली जे लिहितेय त्यात कोणी दिसलं नाही, कोणी हाक मारली नाही, कुत्री रडली नाहीत. एक स्वेटर मापाचा झाला नाही. बस्स. पण त्याचा संताप मला अजून आहे.

जागा – छत्रपती संभाजीनगर, विद्यापीठाचं मुलींचं वसतिगृह आणि आमची लॅब. वेळ – गेला हिवाळा.

विणकाम मी हौसेनं शिकले नाही. आमच्या लॅबमध्ये एक छोटी विजेची भट्टी आहे. काच तापवली की ती हळूहळूच थंड करायची, नाहीतर थराला तडे जातात. म्हणजे अर्धा दिवस भट्टीसमोर स्टुलावर बसून आकडा उतरताना बघायचा. मोबाइल बघितला की आकडा चुकतो, वाचलं की झोप लागते. शमीम म्हणाली, "हात गुंतव, डोळे मोकळे ऱ्हातात." शमीम म्हणजे माझी रूममेट. खुलताबादची, वनस्पतिशास्त्रात पीएचडी करणारी. डोंगरावरची थंडी आमच्यापेक्षा कडक, त्यामुळे तिच्या घरातल्या सगळ्या बायका विणतात. तिनं मला सुलट शिकवलं, उलट शिकवलं, आणि चुकलं की उसवायला शिकवलं. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त कामाला आली.

डिसेंबरच्या सुरुवातीला अप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे माझे वडील. पाचोडच्या हायस्कूलमध्ये सगळी नोकरी पी.टी.चे सर म्हणून केली. तालुक्यातल्या अर्ध्या माणसांना "छाती पुढं, पोट आत" हे त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. स्वतःची छाती हा त्यांच्या अभिमानाचा विषय, आणि ती शर्टाच्या मापात सांगायची पद्धत.

"बबे, सव्वीस जानेवारीला शाळंत सत्कार हाय आपला."

"वा. शाल-श्रीफळ?"

"ते तर देतेतच. पर आतून स्वेटर तू विणलेला घालणार. माईकवर सांगणार, लेकीनं विणला म्हणून."

"अप्पा, मी डॉक्टरेट करतेय, ते सांगा की माईकवर."

"ते झाल्यावर सांगू. लई वर्षं झाले, करतीच आहेस."

"माप सांगा."

"चव्वेचाळीस!" हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की शमीमनं पलीकडच्या खाटेवरून मान वर केली.

सत्कार या प्रकाराबद्दल माझी मतं बरी नाहीत. आमच्या गाइड सरांचे इतके झालेत की लॅबमधल्या मायक्रोस्कोपवर धूळ बसू नये म्हणून सत्काराची शाल टाकलेली असते. सरांच्या व्हिजिटिंग कार्डावर पदव्या इतक्या आहेत की फोन नंबर मागच्या बाजूला गेलाय. पण अप्पांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हणून मी गुलमंडीच्या बाजारातून मरून रंगाची लोकर आणली.

आता हिशेब नीट ऐका, कारण सगळं त्यातच आहे. आधी छोटा चौकोन विणून बघितला. इंचाला पाच टाके. छाती चव्वेचाळीस, म्हणजे पाठ बावीस इंच. बावीस गुणिले पाच, एकशे दहा टाके. चौथीतलं पोर सांगेल. मी एकशे दहा टाके घातले, दहा दिवस भट्टीसमोर बसून पाठ विणली, मधूनमधून सुयांवर पसरून मोजली. प्रत्येक वेळी बावीस. टाके बंद करून सुया काढल्या, पाठ खाटेवर गादीवर पसरली, टेप लावला.

एकोणीस.

उंची बरोबर होती. फक्त रुंदी कमी. शमीमनं तिच्या टेपनं मोजली, एकोणीसच. टाके मोजले – एकशे दहा. इंचात किती म्हणून मोजले – पाच. म्हणजे आमच्या खोलीत एकशे दहा भागिले पाच बरोबर एकोणीस होत होतं.

"थंडीत हात आखडतो तुझा," शमीम म्हणाली.

"हात आखडला तर इंचात टाके जास्त बसतील ना?"

"मग मला नको विचारू. माझ्याकडं झाडं आहेत."

उसवलं. लोकरीचा गुंडा परत केला, जाड सुया घेतल्या, नव्या सुयांवर नवा चौकोन विणून नवा हिशेब केला. या वेळी शमीम पोलिसासारखी शेजारी बसून टाके मोजायची. दिवसा, गच्चीवर, उन्हात. सुयांवर बावीस. बंद केली – एकोणीस.

दुकानात गेले. दुकानदार चाचांनी लोकर नाकाजवळ नेऊन बघितली आणि म्हणाले, "बेटी, ऊन में कुछ नै है. दिल लगा के बुनो." हा सल्ला एका भौतिकशास्त्रज्ञाला! वर त्यांनी दुसरी लोकर विकली.

तिसऱ्या वेळी दुसरी लोकर, मरूनच; सुया पहिल्याच, इंचाला पुन्हा पाच, टाके पुन्हा एकशे दहा; आणि टेपवरचा विश्वास उडाला म्हणून लॅबमधली स्टीलची पट्टी. निकाल तुम्ही ओळखला असेलच. शमीमनं पाठीचा तो तुकडा उलटसुलट करून बघितला आणि खाटेवर लांब सरकवून दिला.

"आता मला भीती वाटायली," ती म्हणाली. "माझ्या खालाला, मावशीला विचारू का? ती नजर उतरवती."

"कुणाची? लोकरीची?"

"हस तू. हसताना बी एकोणीसच हाय ते."

त्याच आठवड्यात सरांना थरांची आकडेवारी दाखवायची होती. तिथंही भानगड होती. माझी मापं पुस्तकातल्या किमतीपेक्षा दर वेळी तेवढीच कमी येत होती. सर खुर्चीत मागं रेलले, चष्मा काढला. चष्मा काढला की भाषण असतं.

"तू काय केलंस?"

"पुन्हा केलं, सर. तीनदा. तेवढंच येतं."

"यंत्र तपासलंस? काच बदललीस? आणि तरी तेच?" सरांनी चष्मा पुसला. "मग बाई, तू मापाशी का भांडतेस? जे खरं म्हणून धरून चाललीस, त्याला जाऊन विचार की ते अजून खरं आहे का."

बाहेर आल्यावर मला सरांचा राग आला. कारण ते बरोबर बोलले होते, आणि बरोबर बोललेले सर फार असह्य असतात. थरांच्या बाबतीत त्यांचं ऐकलं, पुस्तकातली किंमतच दुसऱ्या जातीच्या काचेची निघाली, आणि तो प्रश्न तिथल्या तिथं सुटला. स्वेटरच्या बाबतीत मात्र डोक्यात काही आलं नाही. तिथं जे खरं धरलं होतं ती अप्पांची छाती होती, आणि ती चव्वेचाळीस नसेल असा विचार आमच्या घरात कोणी करत नाही.

गणपतीनंतर मी घरी गेले नव्हते. दिवाळीत सरांचा प्रोजेक्ट रिपोर्ट होता. व्हिडिओ कॉल रोज व्हायचा, पण सगळ्या वडिलांसारखे अप्पाही फोन असा धरतात की आपल्याला त्यांचं कपाळ आणि पंखा दिसतो. कपाळ होतं तसंच होतं.

जानेवारी अर्धा सरत आला. उसवून चौथ्यांदा विणायला वेळ नव्हता. मी चिडून पुढचा भाग आणि बाह्या त्याच हिशेबानं पुऱ्या केल्या. सगळंच अंगाला कमी, लांबीला बरोबर. शेवटचं लोकरीचं टोक आत ओवायचंही राहिलं. सत्काराच्या दोन दिवस आधी पिशवीत घालून पाचोडची बस धरली. वाटेत मनात एकच वाक्य घोळवत होते – अप्पा, बाजारातून घ्या एखादा, मला जमलं नाही.

अप्पा अंगणात उन्हात बसले होते. कोट, मफलर, कानटोपी. दुपारच्या उन्हात एवढा जामानिमा बघून मला वाटलं सत्काराची रंगीत तालीम चाललीय.

"आणला का?"

"आणलाय, पण होणार नाही तुम्हाला. लहान झालाय. का झालाय ते विचारू नका."

मला वाटलं आता पी.टी.च्या आवाजात बोलणी बसतील. त्यांनी नुसती पिशवी घेतली आणि घरात गेले. दार लावून घेतलं. स्वेटर घालायला माणसाला किती वेळ लागतो? आई अंगणातल्या चुलीपाशी भाकरी थापत होती, ती थापायची थांबली.

मग दार उघडलं. कोट नव्हता. कोटाच्या आत घातलेले दोन जुने स्वेटर नव्हते. माझा मरून स्वेटर घालून अप्पा उंबऱ्यात उभे होते, आणि तो त्यांना बसला होता. खांद्याला खांदा, काखेत कुठं चुणी नाही. शिंप्यानं अंगावर बेतावा तसा. आत मात्र माझे अप्पा अर्धेच उरले होते.

मी पहिलं वाक्य काय बोलले सांगू? "तुम्ही चव्वेचाळीस सांगितलं होतं."

"होती," अप्पा म्हणाले. "उन्हाळ्यात होती."

आईनं पदर डोळ्याला लावला. "खाल्लेलं अंगी लागंना झालंय बघ. हात कापतेत, छातीत धडधड होतीय. ते म्हनले, पोरीला सांगितलंस तर याद राख, तिचा अभ्यास हाय. सत्कार झाल्यावर बघू."

"दवाखान्यात गेला होता?"

"सव्वीस तारीख होऊ दे, मग जाऊ," अप्पा म्हणाले. "दवाखान्यात अडकून पडलो तर सत्कार कुनाचा करतेल? फोटोचा?"

मला इतका संताप आला की रडूच आलं नाही. मी पुढं झाले आणि कमरेच्या कडेला लोंबणारं ते न ओवलेलं टोक धरलं. "अप्पा, उद्या सकाळी संभाजीनगरला डॉक्टरकडं. नाहीतर हे टोक मी ओढते. माइकसमोर उभं राहाल तोवर गुंडा होईल याचा. मला उसवायची फार सवय झालीय यंदा."

"तू नाही ओढायची."

मी एक ओळ ओढली. सर्रकन आवाज झाला.

"ए... ए बबे! थांब." त्यांनी दोन्ही हातांनी स्वेटर धरला. हात खरंच कापत होते. "येतो. सकाळच्या गाडीनं येतो."

डॉक्टर तरुण होता. त्यानं नाडी बघितली आणि हसणं थांबवलं. थायरॉईड, तोही बेफाम सुटलेला. हृदयावर ताण आलेला. "आणखी महिनाभर असंच काढलं असतं तर माझ्याकडे चालत आला नसता," तो अप्पांना म्हणाला. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. सत्काराला जा, पण खुर्चीत बसून, ही परवानगी अप्पांनी भांडून मिळवली.

माइकवर अप्पा फार बोलले नाहीत. शाल बाजूला सारून स्वेटर दाखवला आणि म्हणाले, "लेकीनं विणलाय. मापाचा." मागं पोरं कंटाळून उभी होती. आई तेवढी रडली.

इथपर्यंतचं शमीमनं पुरं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघ, तुला आतून कळलं होतं." मला आतून काही कळलं नव्हतं! मला कळलं असतं तर मी टाके कमी घातले असते. मी एकशे दहा घातले होते. हेच कोणी समजून घेत नाही.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर मी योगायोग म्हणून सोडूनही दिलं असतं. यंदा दिवाळीला घरी गेले. अप्पांची तब्येत भरलीय. गेल्या हिवाळ्यातल्या पँटी होत नाहीत, आई नव्या शिवून घ्या म्हणून मागं लागलीय. सकाळी ते अंगणात आले ते तोच मरून स्वेटर घालून. बसलेला. खांद्याला खांदा. मी म्हटलं ताणला असेल, लोकर ताणते. त्यांना काढायला लावला, सतरंजीवर पसरला, बॅगेतली स्टीलची पट्टी काढली. हो, मी ती घरी नेली होती. ताणलेली लोकर विरळ होते, इंचात टाके कमी भरतात. इंचात पाच भरले. टाके एकशे दहा. पाठ बावीस.

"काय मोजायलीस एवढं?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही. गणित बरोबर आलं."

"मग तोंड का असं केलंस?"

मी पट्टी बॅगेत टाकली. हे विचारायचं कुणाला? सरांना सांगितलं तर ते भाषण देतील, डॉक्टरला सांगितलं तर तो मलाच तपासेल. मोजण्यात चूक असेल तर ती आम्ही दोघींनी, दोन टेपांनी आणि एका पट्टीनं, तीनदा सारखीच केली. ज्यांना सुचेल त्यांनी खाली लिहा. फक्त कृपा करून "आईवडिलांचं प्रेम" असं लिहू नका, प्रेमानं भागाकार बदलत नाही.

हे आजच का लिहितेय, ते सांगून संपवते. दिवाळीतच आई म्हणाली होती, "त्यांना विणलास, मला बी विण की एखादा." मी माप विचारलं. तिनं सांगितलं. जांभळी लोकर आणली, आणि महिनाभर ती कपाटात ठेवून थिसिसची सबब सांगत राहिले. शेवटी शमीमनंच गुंडा माझ्या मांडीवर आणून टाकला.

पाठ विणून झालीय. समोर सुयांवर आहे, फक्त टाके बंद करायचेत. पट्टी शेजारी ठेवलीय. सुयांवर माप अगदी बरोबर भरतंय.

अप्पांचंही सुयांवर भरत होतं.