सुधाची एक्स-रे फिल्म

भूतखेत, नजर, करणी... असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि त्यांच्यासाठी वेळ तर नाहीच नाही. पण हे माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

उज्जैनला तेव्हा आम्ही टावर चौकाच्या मागे राहायचो. केबल टीव्ही नुकताच आला होता. आमचे हे बायोकेमिस्ट. प्रोटीन कापणारी एन्झाइम्स आणि त्यांना अडवणारे पदार्थ, सगळी नोकरी यातच गेली. तपासायला जुन्या एक्स-रे फिल्म वापरायचे. एन्झाइमचा थेंब फिल्मवरचा प्रोटीनचा काळा थर खातो, धुतलं की आरपार दिसतं. अडवणारा पदार्थ असेल, तर काळं तसंच राहतं.

एक फिल्म मात्र अलमारीत जपलेली. ह्यांच्या पहिल्या बायकोच्या, सुधाच्या छातीची. ती टीबीने गेली, त्यानंतर मी आले.

एकदा लॅबमध्ये फिल्मची तंगी झाली.

"अलमारीतली घ्या की," मी म्हटलं.

"सुधाची?"

"मग? आता टीबी बरा करणार आहात का तिचा?"

"राहू दे ना यार... तुला काय खाते का ती?"

"जागा खाते."

मग हे स्वतःच उठले, कात्रीने दोन तुकडे कापले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

संध्याकाळी एक तुकडा लॅबमधून तसाच काळाकुट्ट परत. "एन्झाइम एकदम सही आहे," हे म्हणाले, "दुसऱ्या पेशंटची फिल्म साफ झाली."

मी कच्ची पपई आणली. तिच्या चिकातही तसलंच एन्झाइम असतं, ऐकून ऐकून पाठ झालंय. सुधाच्या दुसऱ्या तुकड्यावर चीक लावला, आणि शेजारी माझ्या मोडलेल्या घोट्याच्या फिल्मवर. दोन्ही एकाच दवाखान्यातल्या. चहा झाला, नळाखाली धरल्या.

माझा घोटा वाहून गेला. हातात नुसतं काचेसारखं प्लास्टिक. सुधाची एकही बरगडी हलली नाही.

"अगं, बघ तर!" हे इतके खुश माझ्या लग्नातही नव्हते.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत ह्यांचा प्रत्येक रविवार तिचा. एन्झाइम बदलली, साबण बदलले... काही चाललं नाही. शेवटी थकून त्यांनी उरलेली फिल्म अलमारीत ठेवली.

कारण आजही कळलेलं नाही. वाचकांत कुणी जाणकार असेल तर जरूर लिहा — पण पत्र माझ्या नावाने. ह्यांच्या हाती पडलं, तर ती पुन्हा बाहेर निघेल.