ताईंची खुर्ची आणि कढत पाणी

पलंगपोस पिळून झाला होता आणि त्याची दोनच टोकं दोरीवर चढली होती, तेवढ्यात न्हाणीघरातून हाक आली, "वहिनी, ये जरा. पाय गेले."

दूध नासलं म्हणून सांगावं, तशा आवाजात. मी पलंगपोस तसाच लोंबता सोडून धावले. ताई स्टुलावर बसलेल्या, अंगाभोवती टॉवेल, आरसा वाफेने पांढरा, आणि दोन्ही पाय पुढे असे ठेवलेले की जणू दुसऱ्या कुणाचे सांभाळायला घेतलेत. पंधरा दिवसांतली ही सहावी खेप. घरी येणाऱ्या सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे मी कमरेचा पट्टा धरला, त्यांना आधी पुढे वाकू दिलं, मग माझे गुडघे वाकवून उठवलं. दंडाला धरून ओढायचं नाही, हे एवढं तरी मला आता पाठ झालंय.

पलंगावर टेकल्या टेकल्या ताई म्हणाल्या, "लाँड्रीच्या मालकांनी काम जमेल का ते शनिवारपर्यंत कळवा म्हटलंय ना? मग उद्याची वाट कशाला बघायची. आजच चिठ्ठी लिहिते. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या म्हणते."

"लिहा," मी म्हटलं. "पण आधी केस पुसून घ्या."

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. एका लाँड्रीत सोळा वर्षं रफू करतात. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक असो की कसरीने खाल्लेली शाल, ताईंच्या हाताखालून गेली की भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालाही दाखवता यायचं नाही. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "एवढं मोठं भोक बुजवायला दोरा कुणाकडे होता?"

सात वर्षांपूर्वी त्यांनी एका माणसाचा लालभडक कोट विटकरी दोऱ्याने रफू केला. सोळा वर्षांत ती एकच चूक. गिऱ्हाईक भांडायला आलं तेव्हा ताई त्याच्यावरच चिडल्या, कारण त्यांना दोन्ही रंग एकच दिसत होते. मग एक डोळा झाकून पाहिला, दुसरा झाकून पाहिला, आणि कळलं की डाव्या डोळ्यातला लाल रंग विटलाय. डोळा फिरवला की दुखायचा. आम्ही चष्मा बदलला. डोळा आपोआप सुधारला आणि आम्ही विसरलो. पुढच्या वर्षी बोटांना मुंग्या आल्या, तेव्हा मानेचा पट्टा आणला. त्यानंतर पाय जड झाले, तेव्हा शेजारच्या मावशींनी तेल सुचवलं. मेंदूचा फोटो काढायला आम्हाला तीन वर्षं लागली. नाव निघालं मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टर म्हणाले, शरीराचं रक्षण करणारी फौज आपल्याच नसांवरचं वेष्टन कुरतडते, म्हणून मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अस्तर विरलंय. रफू होतं का?" डॉक्टर म्हणाले, विरलेलं पुरतं भरून येत नाही, पण औषधाने नवीन विरणं कमी करता येतं.

आजाराचं मी समजून घेतलं. माणसांचं मात्र समजत नाही. मावशी येतात आणि म्हणतात, "दिसतेय तर ठणठणीत." ह्यांना वाटतं, बहीण सकाळी चालली म्हणजे संध्याकाळीही चालायलाच हवी. ताईंना दुपारी जो थकवा येतो तो आपल्यासारखा नाही, अंगातली वीजच जाते, हे मी ह्यांना किती वेळा सांगितलं असेल. "मग पंखा लाव," म्हणाले. आणि खुद्द ताई. सिस्टरनी आणलेली काठी छत्र्यांच्या कोपऱ्यात उभी. कुणी विचारलं तर म्हणतात, "ती वहिनीची." लघवीला सारखं जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, सिस्टर रागावल्या की दोन दिवस पितात.

अशा माणसाची सेवा करायची म्हणजे देवाचंच बळ हवं. मी माझ्या परीने काही कमी केलं नव्हतं. गेले पंधरा दिवस देवासमोर बसायच्या आधी मोठं पातेलं गॅसवर चढवायचे. पाणी कसं, हात घातला तर मागे घ्यावा असं. आखडलेल्या पायांना उष्णतेसारखं दुसरं औषध नाही, असं मी लहानपणापासून मानत आलेय, आणि आरसा धुरकटला नाही ती आंघोळ मला आंघोळ वाटत नाही. आंघोळीनंतर वर गरम पिशवीचा शेक. मग प्रार्थना, आणि मग वहीत सगळं लिहून ठेवणं: पाणी किती वाजता, शेक किती वेळ, ताई कशा. त्या वहीचा मला थोडा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

आज सिस्टरचा वार होता. त्या दहा वाजता आल्या. ठेंगणी, वेगाने बोलणारी बाई, पायातल्या चपला बाहेर काढता काढताच प्रश्न सुरू करते.

"ताप?"

"नाही."

"लघवीला जळजळ? नवीन काही, डोळा, हात?"

"नाही."

"पाय परत यायला किती वेळ लागतो?"

ताई म्हणाल्या, "तासभर, दीड तास. पण सारखे जातात. आजार वाढला, सिस्टर. मी चिठ्ठी लिहितेय."

"चिठ्ठी राहू द्या बाजूला. वहिनी, तुमची वही आणा."

मी म्हटलं, "त्यात खासगी आहे." पण सिस्टरनी हात पुढे केलेलाच होता. पंधरा दिवसांची पानं त्यांनी मोठ्याने वाचायला घेतली, ताईंच्या पुढ्यात.

"'साडेनऊ. कढत आंघोळ, शेक वीस मिनिटं. दहाला पाय गेले. आज पुन्हा काठी नेली नाही. देवा, या बाईला अक्कल दे, आणि ती मिळेपर्यंत मला धीर दे.'"

"वाचा पुढे," ताई म्हणाल्या. "माझं वर्णन चाललंय."

"'गॅस संपला. ताईंची आंघोळ गार पाण्यानेच, जिवाला फार लागलं. ताई आपल्या पायांनी लाँड्रीत गेल्या. बाराच्या सुमाराला मालकांचा फोन, पाय गेले, घेऊन जा.'" सिस्टर थांबल्या. मग बोट खाली सरकवलं. "'आज लाँड्रीतली वाफेची इस्त्री बिघडलेली. ताई पाय परत आल्यावर साडेअकराला निघाल्या आणि सहापर्यंत बसून काम केलं. देवाची कृपा.'" त्यांनी वही मांडीवर ठेवली. "ताई, तुमची खुर्ची कुठे असते?"

"मागच्या खोलीत. इस्त्रीच्या टेबलाला लागून."

"आणि वहिनी, पाणी किती कढत?"

मी सांगितलं. माझा आवाज आपोआप बारीक झाला होता.

"म्हणजे घरी तुम्ही यांना शिजवता आणि तिकडे मालक वाफवतात."

मग त्यांनी नीट समजावलं. जिथे वेष्टन विरलंय तिथे अंग तापलं की निरोप आणखी अडखळतो, अंग निवलं की पुन्हा नीट पोचतो. यात नवं काही विरत नाही. आजाराचा खरा झटका असा तासाभरात उतरत नाही, नवं लक्षण दिवसभराहून जास्त टिकतं. तसं काही झालं, ताप आला, लघवी जळजळली, तर आपलं आपण ठरवायचं नाही, लगेच फोन करायचा. आजचंही सिस्टर डॉक्टरांच्या कानावर घालणार आहेत. आंघोळ कोमट पाण्याने, आणि पाणी माझ्या कोपराने तपासायचं, कारण ताईंच्या पायांना चटका धड कळत नाही, एखाद दिवशी भाजून निघतील. शेक बंद.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर काढावा तेही कळेना. पंधरा दिवस रोज सकाळी, देवाचं नाव घेत घेत, मीच त्यांचे पाय काढून घेत होते. देवाला तरी एकदा सुचवता आलं असतं की नाही? गॅस संपवून त्याने सुचवलं होतं म्हणावं, तर मी त्या दिवशी त्याच्यावरच नाराज होते. तसं वहीत आहे.

"मला सांगायचं तरी," मी ताईंवर घसरले. "एवढं कढत सोसत नाही म्हणून."

"तू इतक्या भक्तीने ओतत होतीस," ताई म्हणाल्या, "म्हटलं, वहिनीला पुण्य लागतंय, मध्ये कशाला येऊ."

सिस्टर म्हणाल्या, "आजार जाणार नाही, हे दोघींनी ऐका. पण खुर्ची सोडायचं कारण मला तरी या वहीत दिसत नाही. ती पुढच्या खोलीत हलवा, दाराजवळ, पंख्याखाली. मालकांना सांगा."

"ते माझ्याच्यानं होणार नाही," ताई लगेच म्हणाल्या. "सोळा वर्षांत मी काही मागितलं नाही. आता आजारीपणाच्या नावाने सवलत मागू?"

खुर्ची सोडायला तयार, हलवायला नाही. अशा माणसापुढे काय डोकं फोडावं. मी म्हटलं, "मी जाते."

"ताईंना विचारा आधी," सिस्टर म्हणाल्या. "पाय त्यांचे आहेत."

मग मी विचारलं. हात जोडले नाहीत, पण जवळजवळ. ताई बराच वेळ आपल्या पायाची बोटं हलवून पाहत होत्या, ती आता हलत होती. "जा," म्हणाल्या. "पण गयावया करायची नाही. आणि आजाराचं नाव सरळ सांग, मावशींसारखं अशक्तपणा-बिशक्तपणा नको. रोज दुपारी अर्धा तास आडवी होईन, तेही सांग. नाही म्हणाले तर चिठ्ठी मी लिहीन, तू बोलू नकोस."

त्यांनी हे एवढं बोलायला सात वर्षं घेतली, आणि मला वाटतं मी ऐकायलाही तेवढीच घेतली असतील. बाराला लाँड्री जेवायला बंद होते, म्हणून वही इथेच मिटते. आता लाँड्रीत जाऊन मालकांना ताईंची खुर्ची पुढच्या दारापाशी हलवायला सांगायचंय.