दाराचं कौतुक

माझं इंग्रजी पहिल्यांदा खरोखर कुणाच्या कामी आलं ते पिंपळगावच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये. तेव्हापासून कुणी माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं की मी घाईनं विषय बदलते. लोकांना वाटतं, मी विनय दाखवते. विनय वगैरे काही नाही, मला भीती वाटते.

तेव्हा मी नाशिकला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घर पिंपळगाव बसवंतला, त्यामुळे सकाळची एसटी आणि जागा मिळेपर्यंत ओझर येऊन गेलेलं असायचं. त्या वर्षी आम्हाला कम्युनिकेशन स्किल्स नावाचा विषय लागला. शिकवणारे सर तरुण, टापटीप आणि बोलायला एकदम गुळगुळीत. त्यांचा एकच मंत्र होता: निगेटिव्ह बोलणाऱ्याला कुठलीही कंपनी दारात उभं करत नाही. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी पाच शब्द लिहून ठेवले होते. नो, नॉट, नेव्हर, कान्ट, प्रॉब्लेम. यातला एक जरी तोंडातून निघाला तरी तास संपेपर्यंत उभं राहायचं.

कळवणचा एक मुलगा आठवडाभर आला नव्हता. सरांनी कारण विचारलं, अर्थात इंग्रजीत. तो उठून म्हणाला, "माय ग्रँडफादर इज नो मोअर, सर." सरांनी फळ्याकडे बोट केलं. वर्ग खो खो हसला. तोही थोडं हसला आणि उभाच राहिला. हसणाऱ्यांत मी पुढे होते.

आमचा सराव असा चालायचा, की सर मराठीत एखादं रडगाणं सांगायचे आणि आम्ही इंग्रजीत त्याचं सोनं करायचं. बस चुकली? मला दिवसाची आखणी करायला वेळ मिळाला. मेसचं जेवण बेचव? त्यामुळे घरच्या अन्नाची किंमत कळली. यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. पहिल्या सहामाहीनंतर तर अशी सवय जडली, की कानावर मराठी पडायचं आणि तोंडातून गोड इंग्रजी बाहेर पडायचं, मधल्या मध्ये डोक्याला काही कामच उरायचं नाही. मला वाटायचं, यालाच फ्लुएन्सी म्हणतात. सरही तेच म्हणायचे.

माझे वडील त्या पॅकहाउसचा टेम्पो चालवत. तिथल्या मॅनेजरनी एकदा त्यांना विचारलं, "तुमची पोरगी इंग्रजी फाडते म्हणे?" परदेशातल्या खरेदीदार कंपनीची एक बाई तपासणीला येणार होती. माल बघणार होती, जागा बघणार होती आणि कामावरच्या बायकांशी बोलणार होती. बायकांना इंग्रजी येत नव्हतं आणि तिला मराठी, त्यामुळे मध्ये कुणीतरी हवं होतं. वडिलांनी माझ्या वतीनं हो सांगून टाकलं आणि संध्याकाळी पेढे घेऊनच घरी आले.

आदल्या दिवशी मॅनेजरनी मला बोलावलं. मी घाबरत गेले, आता हे काय काय पाठ करायला लावतात म्हणून. ते एवढंच म्हणाले, "ताई, जे विचारतील ते नीट सांगा, म्हणजे झालं." धमकावलं असतं तर फार बरं झालं असतं. आज सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

त्यांनीच मला सगळीकडे फिरवलं. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका लहान कात्र्यांनी घडातले खराब मणी कापत होत्या, वजन करून घड डब्यांत भरत होत्या. पलीकडे प्रीकूलिंगची खोली. भरलेल्या पेट्या कोल्ड स्टोअरेजला जाण्याआधी काही तास तिथे ठेवतात, म्हणजे द्राक्षांच्या अंगातली उष्णता निघून जाते. विताएवढं जाड दार, बाहेरून लोखंडी दांडा, आत मोठमोठे पंखे. दाराच्या फटीत एक रिकामा क्रेट अडकवलेला होता. मॅनेजरनी पायानं तो बाहेर ढकलला आणि म्हणाले, "उद्या हे असलं दिसता कामा नये." मग त्यांनी दार ओढून घट्ट बसवलं. दार बसल्याचा आवाज फार मोठा नव्हता, पण पंख्यांची घरघर तिथल्या तिथे तुटली.

पाहुणी बाई वयानं मोठी, हसऱ्या चेहऱ्याची होती. तपासणी झाल्यावर ऑफिसात बसून तिनं चार बायकांना एकेक करून बोलवायला सांगितलं आणि मॅनेजरना नम्रपणे बाहेर जायला लावलं. दार लावून घेतलं. कामगारांना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून असा नियमच असतो, हे तिनं मला समजावून सांगितलं. म्हणजे त्या खोलीत आम्ही तिघीच. माझ्यावर कुणाचा डोळा नव्हता.

तिसरी आली ती पेठकडची. चाळिशीची, वाळकी, साडीवर पुरुषी स्वेटर. प्रीकूलिंगला तीच असायची, सगळे तिला मावशी म्हणत. खुर्चीच्या कडेवर बसली. पाहुणीनं विचारलं, कामाच्या ठिकाणी तुम्हाला सुरक्षित वाटतं का? मी ते मराठीत सांगितलं. तिनं मला निरखून पाहिलं. मी कुणाची, हे ठरवत असावी. मग म्हणाली, "तू टेम्पोवाल्या भाऊची ना? मग सांगते. हिला सांग, त्या थंड खोलीचं दार आतून उघडत नाय. आतला खटका तुटलाय. आमी मधी क्रेट लावतो म्हनून चाललंय. काल त्यो पन काढून घेतला. एक दिवस कोनतरी आत राहील बघ."

पाहुणीनं पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "शी सेज द कोल्ड रूम डोअर क्लोजेस व्हेरी टाइटली. द लेडीज आर व्हेरी केअरफुल अबाउट इट."

मी विचार करून खोटं बोलले असते तर निदान पश्चात्तापाला जागा तरी सापडली असती. मी विचारच केला नाही. वाक्य तयार होऊन आलं, छान आलं आणि उच्चारही चांगले झाले, याचा मला त्या क्षणी आनंद झाला. पाहुणी "लव्हली" म्हणाली आणि लिहू लागली.

"सांगितलंस?" मावशीनं विचारलं.

"सांगितलं."

"मग काय म्हनली?"

"लिहून घेतलं त्यांनी."

मावशीनं पाहुणीला हात जोडले. पाहुणीनंही जोडले, अगदी मनापासून.

सोमवारी मी हा किस्सा वर्गात सांगितला. होय, सांगितला, आणि तोही रंगवून. तक्रारीचं कौतुक कसं केलं ते. सरांनी मला पुढे बोलावून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाले, प्रत्यक्ष आयुष्यात शिकलेलं वापरणं याला म्हणतात. तास सुटल्यावर तो कळवणचा मुलगा जिन्यात भेटला. म्हणाला, "मग त्या दाराचं काय झालं?"

"बघतील ना ते," मी म्हटलं.

"कोण?"

मला बस पकडायची होती. मी पुढे निघाले.

दोन आठवड्यांनी कंपनीचा अहवाल आला. पॅकहाउस पास झालं होतं आणि थंड खोलीचं दार बंद ठेवण्याच्या शिस्तीचं अहवालात खास कौतुक होतं. मॅनेजर इतके खूश झाले, की त्यांनी त्या दारावर पाटीच लावायचं ठरवलं: दार कायम बंद ठेवा. मराठीत आणि इंग्रजीत. इंग्रजी पाटीचा मजकूर द्यायला मला बोलावलं. मी गेले तेव्हा रंगारी निळ्या रंगाचा डबा उघडून बसला होता. क्रेट कुठेच दिसत नव्हता.

मी धीर केला. म्हटलं, "साहेब, त्या दाराचा आतला खटका..."

"अहो ताई," ते हसून म्हणाले, "बाईंनी लेखी कौतुक केलंय त्या दाराचं. आता भर सीझनमध्ये ते खोलत बसू का? आणि तक्रार असती तर त्या बायका बोलल्या असत्या ना, तुमच्यासमोर."

खरं तेव्हाही बोलता आलं असतं. "त्या बोलल्या, साहेब, मीच सांगितलं नाही." मराठीतली सहा-सात शब्दांची गोष्ट. मी रंगाऱ्याला कागदावर इंग्रजी मजकूर लिहून दिला, मोठ्या अक्षरांत, त्याची चूक होऊ नये म्हणून.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. संध्याकाळी टेम्पोचा आवाज आला की माझे कान दारात असायचे. वडील चप्पल काढायच्या आधी मी विचारायचे, "आज काय विशेष?" ते म्हणायचे, "काय विशेष असणार? माल भरला, माल उतरवला." मग मला जेवण जायचं. रोज वाटायचं, आज वडिलांना सगळं सांगू. पण ते चहाच्या टपरीवर माझंच पुराण लावून बसलेले असायचे, की गोऱ्या बाईशी आमची पोरगी अशी बोलली जशी काय शेजारीणच. मला लाज वाटत होती, हे खरं. पण लाजेपेक्षाही मला ते कौतुक हवं होतं, हे जास्त खरं.

मार्चमधल्या एका दुपारी वडील लवकर घरी आले. टेम्पो न घेता, चालत.

झालं होतं ते असं. जेवणाच्या सुट्टीआधी मावशी पेट्या मोजायला आत गेली होती. जाताना तिनं दार जेमतेम लोटलेलं ठेवलं होतं. ट्रॉलीवाल्याला दार उघडं दिसलं, त्यानं ते लावलं. नंतर तो रडत सगळ्यांना सांगत होता, पाटीच तशी आहे, पाटीच तशी आहे. जेवताना ती दिसली नाही तेव्हा बायकांना वाटलं, बरं नाही म्हणून पेठच्या जीपनं गेली असेल. आतून ती दारावर मारत होती. आधी हातानं, मग क्रेटनं, मग पुन्हा हातानं. तेवढ्या जाड दारापलीकडे कुणाला काय ऐकू जाणार? सव्वादोन तासांनी पुढचा माल ठेवायला दार उघडलं तेव्हा ती दाराशीच पडलेली होती.

वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती आणि छातीत थंडी भरली होती. तिला नाशिकला एका दवाखान्यात हलवलं. चार दिवसांनी वडील म्हणाले, "भेटून ये. ती सारखी तुझी आठवण काढते."

माझी आठवण काढते, म्हणजे तिला कळलं, असंच मला वाटलं. मी कॉलेजमधून रिक्षा केली. रस्ताभर काय बोलायचं ते मनात जुळवत होते, आणि जे जे जुळत होतं ते सगळं गोडच होत होतं. स्वतःचीच किळस आली. जिन्यापाशी ठरवलं, काही जुळवायचं नाही, जाऊन सरळ सांगायचं.

मावशी उशीला टेकून बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. शेजारी तिची मुलगी, अकरावीत असेल. मला बघताच मावशीचा चेहरा उजळला.

"ये गं बाई, ये," ती म्हणाली आणि मुलीकडे वळली. "हीच ती. हिनं सांगितलं हुतं त्या बाईला. आपल्यातलं कोन बोलतं गं एवढं? हिनं तोंडावर सांगितलं. त्याहींनीच कान दिला नाय, त्याला ही काय करनार?"

मी हो म्हणून नुसती मान हलवली.

मुलगी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. रागानं नव्हे, मला वाटतं उत्सुकतेनं. "ताई, तुम्ही इंग्रजीत काय म्हणाला होतात?" तिनं विचारलं. "मला पण इंग्रजी आहे."

मी म्हटलं, "द डोअर डज नॉट ओपन फ्रॉम इनसाइड."

ते वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होते. एकही चूक झाली नाही.

मुलीनं ते हळूहळू स्वतःशी म्हणून पाहिलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "एवढं तर मला पण कळलं," ती म्हणाली. "मग त्यांना कसं नाही कळलं?"

मी मावशीच्या पायावरची चादर सारखी करू लागले. मावशीच म्हणाली, "कळलं असंल गं. मनावर नाय घेतलं." आणि तिनं डाव्या हातानं माझा हात धरून मला खाटेवर बसवून घेतलं. मी बसले.