पिन काढा, चहा घ्या, पिन लावा

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण आता तुम्ही चहा घेऊन बसलाच आहात, तर ऐका माझा गाढवपणा.

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. शहापूरच्या बाजारपेठेत माझं दुकान. गावोगाव एसटीडी बूथ निघत होते आणि त्यांची बिलाची मशीनं मी विकायचो, पार मुरबाडच्या पुढे टोकावड्यापर्यंत. मशीन अडलं की बूथवाला दुकानात फोन करणार आणि उपाय आम्ही फोनवरच सांगणार. त्यासाठी दोन माणसं ठेवली. गिरणी बंद पडल्यावर गावी परतलेले पन्नाशीचे दत्तूभाऊ, आणि मुरबाडहून येणारी, आयटीआय झालेली वंदना.

शिकवताना जीव मेटाकुटीला आला हो! एक सांगितलेल्याच्या पुढे जाईना, दुसरी सांगितलेल्यावर थांबेना.

आता मी तरी कुठे शिकलो होतो? पहिलं मशीन बसवायला कंपनीचा इंजिनिअर आला, तेव्हा आकडे अडकले. त्याने विजेची पिन काढली, चहा घेतला, पिन लावली. मशीन चालू! मी लगेच वहीत उतरवलं: पिन काढा, चहा घ्या, पिन लावा. चार वर्षं हेच सांगितलं. दोन तालुक्यांना चहा पाजला, आणि मशीनं चालूही व्हायची. मग शंका कोणाला येणार?

वंदनाला आली. ती गिऱ्हाइकाला 'दहा आकडे मोजा' म्हणायची. दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा ओरडलो. दत्तूभाऊंचं उलट. बिनसाखरेचा चालेल का, हेसुद्धा त्यांनी मला विचारून घेतलेलं.

एका बाजाराच्या दिवशी टोकावड्याच्या काशिनाथचं मशीन सकाळीच अडकलं. बूथमागे त्याचं घर, घरात दुसरा फोन. त्यावरून त्याने दुपारी बाराला पुन्हा फोन केला. मी उचलला. बाहेर पंधरा माणसं खोळंबलीत म्हणाला, तासाभरात चालू झालं नाही तर मशीन तुमच्या दारात आणून टाकतो.

"अरे, मग सकाळपासून केलंस काय?"

"तुमचे दत्तूभाऊ बोलले, चहा घ्या. घरात दूध नाय. तर म्हणाले, दूध आलं का मग पिन लावा. दुधाची गाडी अजून आली नाय, शेठ."

मी फोन आदळला आणि दत्तूभाऊंवर तुटून पडलो. अहो, कोरा चहा सांगायचा ना! त्यांनी शांतपणे वही पुढे केली. अक्षर माझं. कोऱ्याचा उल्लेख नाही.

आता हा राग कुठे न्यायचा? तेवढ्यात वंदना म्हणाली, "शेठ, चहाचा आणि मशीनचा काय संबंध? पिन सकाळपासून काढलेलीच हाये. लावली का चालू होईल."

"चार वर्षं मशीनं मी चालवतोय का तू? उद्यापासून येऊ नकोस."

ती डबा पिशवीत भरायला लागली. तिच्या पगारातून धाकट्या भावाची फी जायची, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो.

आणि बघा, त्याच वेळी तोच इंजिनिअर नवी मशीनं घेऊन दारात. मला तर देव भेटला! म्हटलं, साहेब, हिला एकदा सांगाच, पिन काढल्यावर चहा का घ्यायचा ते.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुठला चहा?"

मी पहिल्या मशीनची आठवण करून दिली.

"अहो शेठ, त्या दिवशी ठाण्यापासून एसटीत उभा आलो होतो. वहिनींनी कप पुढे केला, मी घेतला. मशीनला दहा सेकंद पुरतात."

दत्तूभाऊंनी वही उघडून हेही लिहून घेतलं.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "वंदना, पिशवी ठेव."

"ठेवते. पण काशिनाथकाकांना तुमीच सांगा. माझं ते ऐकत नाय."

लावला फोन. ओरडून ओरडून घसा बसलेला, त्यात लाइनला खरखर. म्हटलं, काशिनाथ, दुधाची वाट बघू नको, चहाचं काही नसतं, नुसती पिन लाव.

तर पलीकडून म्हणतो, "नवीन लागलास काय रे? मशीनमधलं कळत नाय तर फोन कशाला उचलतो? दे, शेठला दे."