केसाची जाडी

नवा माणूस मापाच्या खोलीत आला की काका आधी त्याच्या डोक्याचा एक केस मागायचे. तो मायक्रोमीटरच्या जबड्यात धरून टोकाची फिरकी हल्लू फिरवायचे. "सत्तर मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार तुकडे केले की त्यातला एक मायक्रॉन. आपल्याला इथे तीनची चूक चालत नाही. केस म्हणजे फार जाडी चीज आहे, मियां."

माझाही घेतला होता. सदुसष्ट भरला.

असा एखादा तुमच्याही कचेरीत असेल. आपल्या खुर्चीवर कुणाला बसू न देणारा, जेवणाच्या सुट्टीतही अवजारं पुसत बसणारा. आमचा कारखाना पंपाच्या पिना करायचा. आम्ही दोघं काचीगुड्याहून एकाच बसने जायचो.

खोलीची एक रीत होती. एकाने माप वाचायचं, दुसऱ्याने ते मोठ्याने परत बोलून मगच लिहायचं. काका वाचायचे, मी लिहायचो. पुढे पुढे ते चुकायला लागले. एकदा बसमध्ये हळूच म्हणाले, "आबिड्सचा डॉक्टर मोतीबिंदू सांगतो. बारीक रेघा एकात एक मिसळतात बघ. ऑपरेशनला रजा टाकली तर कारण लिहावं लागतं. रिटायर झालो की करतो. कुणाला बोलू नक्को."

बोललो नाही. काका "चार" म्हणाले आणि रेघ सातावर दिसली, की मी मोठ्याने "सात" म्हणायचो. मान वर न करता ते म्हणायचे, "हौ, तेच म्हणालो मी."

मला हसू यायचं. आमचं बरं चाललं होतं.

मग बाजार खुला झाला. आमच्या मालकांना परदेशी भागीदार मिळाला आणि त्यांची माणसं तपासायला आली. त्याच त्या पिना प्रत्येकाने पुन्हा पुन्हा मोजायच्या, माप जुळलं पाहिजे. ज्याचं जुळणार नाही त्याने खोली सोडायची, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घ्यायची. आणि नव्या वातानुकूलित खोलीला एक इनचार्ज लागणार होता. नावं दोनच होती, काकांचं आणि माझं.

काकांनी पहिली पिन धरली. "चार."

रेघ सातावर होती. मी समोरच बसलो होतो.

"चार," मी म्हणालो आणि लिहिलं.

काकांनी मान वर केली. मी कागदावरून नजर काढली नाही. त्यांनी तीच पिन पुन्हा धरली. या वेळी आवाज बारीक झाला होता. "नऊ?"

"नऊ," मी म्हणालो.

त्या दिवशी ते "तेच म्हणालो मी" म्हणाले नाहीत.

मी खोटं एक अक्षर बोललो नाही. रीत होती तशी पाळली. इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. बायकोलाही याहून जास्त सांगितलेलं नाही.

शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली द्यायला ते आले. "एक केस द्या." मला पहिल्यांदाच 'अहो-जाहो' केलं. केस जबड्यात धरला, फिरकी फिरवली आणि मायक्रोमीटर स्वतःच्या डोळ्यांजवळ न नेता माझ्याकडे वळवला.

"वाचा."

"चौसष्ट."

"चौसष्ट," त्यांनी माझ्यासारखंच मोठ्याने परत म्हटलं. "तुम्ही म्हणता तर चौसष्ट."

फिरकी उलटी फिरवून त्यांनी केस टेबलावर पडू दिला आणि गेले.

इनचार्ज मी झालो. आता मायक्रोमीटरवर आकडा आपोआप उमटतो, तरी पहिली काही वर्षं पोरं सवयीने परत बोलायची. ती रीत मीच बंद केली.