माईंचं लुकण

माझ्या सासूबाईंचा हात आधी उठायचा, राग मागाहून यायचा. घरात त्या माई; गिरगावातल्या आमच्या वाडीत मात्र फौजदारीणबाई, अर्थात त्या ऐकत नसताना. दूधवाला मापात अंगठा बुडवतो म्हणून त्याचंच माप त्याच्या टाळक्यात हाणलेलं मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात पाहिलं. माझ्यावर त्यांनी कधी हात टाकला नाही. तोंड टाकलं, आणि ते मी तिथल्या तिथे परत केलं. बहुधा म्हणूनच आमचं पटलं.

या बाईचं सगळ्यात जुनं वैर होतं ते एका फटीशी. माझ्या आजेसासऱ्यांना साहेबी थाटाची भारी हौस. माझगावच्या गोदीतला कुणी गोरा साहेब विलायतेला निघाला, तेव्हा त्याचा बिडाचा टब त्यांनी विकत घेतला आणि पहिल्या मजल्यावरच्या खोलीचा कोपरा अडवून तिथे न्हाणी केली. टब आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर जागा राहिली. तिथून आंघोळीचं पाणी उतरायचं आणि खालच्या सामंतांच्या देवांवर ठिबकायचं. सामंत शिवडीच्या एका गोदामात कारकून होते. बायको लवकर गेलेली, घरात ते आणि एकुलता एक मुलगा अरविंद. त्यांचं देवघर ईशान्य कोपऱ्यात, आणि आमची न्हाणी बरोबर त्याच्यावर. “देव ईशान्येलाच राहणार,” सामंत म्हणत. “हलायचं तर टबाने हलावं.” तो बिडाचा धोंडा काही हलत नव्हता, आणि सामंतही तसलेच.

रोज सकाळी माई आंघोळीला बसल्या की खाली सामंत पूजेला बसत. दोघंही मुद्दाम ती वेळ साधत असा माझा संशय आहे. थेंब पडला की खालून आरोळी येई, “अहो, तुमच्या अंगाचं पाणी माझ्या बाळकृष्णाच्या डोक्यावर!”

“गंगा समजा!”

“हे बंद झालंच पाहिजे!”

“मग काढा मोर्चा!”

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. ‘झालाच पाहिजे’ साऱ्या मुंबईच्या तोंडी होतं, त्यात हे भांडणही आपला घसा साफ करून घेई. अरविंद खऱ्या मोर्चात जाणारा. तो या दोघांचं ऐकून खो खो हसायचा.

एके दिवशी सामंत ओल्या बाळकृष्णाला हातात घेऊन तरातरा जिना चढून आले. माईंनी मागचापुढचा विचार न करता तांब्या भिरकावला. कपाळ फुटलं, रक्त थेट सदऱ्यावर. थोड्या वेळाने अरविंदच तो तांब्या घासूनपुसून घेऊन वर आला. “माई, नेम झकास आहे. उद्या मोर्चात या आमच्या.” माईंना हसू आवरलं नाही. पण तो गेल्यावर मला हळूच विचारलं, “खोल लागलंय का गं त्या मेल्याला?”

त्याच दुपारी त्यांनी ठरवलं की ही फट आपणच बुजवायची. गवंडी दोन-तीन होऊन गेले होते. सिमेंट भरून जात आणि महिन्याभरात ते तडकत असे. शेवटच्या गवंड्याच्या पाठीत माईंनी त्याचीच थापी घातली होती. तो पळाला, थापी राहिली. आता त्या टबापाशी उकिडव्या बसून बघत राहिल्या. टब भरला, रिकामा केला, पुन्हा भरला. मग ओरडल्या, “अगं, हा बसतो! पाणी भरलं की लाकडी जमीन दबते आणि हा खाली बसतो. रिकाम्या टबाला सांधा भरतात मेले, मग तो फाटणार नाही तर काय?”

म्हणून टब काठोकाठ भरून ठेवला. जवसाच्या तेलात भिजवलेला सुताचा पीळ फटीत ठोसला. त्याच्यावर लुकण, खिडकीच्या काचांना लावतात तेच, खडूची पूड तेलात मळून घरी केलेलं. अंगठ्याने दाबून एकसारखी कड काढली, आणि बाहेर आलेलं जास्तीचं लुकण माझ्या कैलासवासी सासऱ्यांच्या वस्तऱ्याने कापून काढलं. गालावरून फिरवावा तसा वस्तरा फिरत होता. कड इतकी सुरेख आली की मला बोट लावायचा मोह झाला. “सुकेपर्यंत हे पाणी हलता कामा नये,” माई म्हणाल्या. “तांब्या बुडवलास तर मनगट मोडीन.”

दुसऱ्या दिवशी, लुकण अजून ओलं होतं तेव्हाच, वाडीच्या तोंडाशी मोर्चावर गोळीबार झाला. भर दुपार होती. आधी अश्रुधूर आला, मग पळापळ, मग ते आवाज. जिन्यावर पावलं वाजली. दारात सामंत उभे. ते भांडायलाच आले अशा समजुतीने माईंनी थापी उचलली.

“माई, पाणी,” सामंत म्हणाले. “अरविंद. नळ गेलेत.”

माईंनी थापी टाकली आणि बादली सरळ टबात बुडवली. मी खाली धावले. जिन्याच्या पायथ्याशी पोरांनी अरविंदला निजवलं होतं. पोटातून रक्त येत होतं, आणि कितीही पाणी घातलं तरी येतच होतं. माई बादलीमागून बादली उतरवत होत्या. एक शिपाई काठी उगारून आत घुसला, “हटाओ सब!” म्हणाला. माईंनी भरली बादली त्याच्या तोंडावर घातली आणि रिकामी त्याच्या गुडघ्यावर. त्याने काठी हाणली. माईंचा उजवा हात कोपराखाली मोडला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. तो आणखी मारणार तोच वाडीतल्या बायका लाटणी-मुसळं घेऊन बाहेर आल्या, आणि तो मागे सरला. या गडबडीत अरविंद केव्हा गेला ते सामंतांखेरीज कुणालाच कळलं नाही.

टबात उरलेल्या पाण्यानेच त्याला शेवटची आंघोळ घातली. टब रिकामा झाला, वर उचलला गेला, आणि ओलं लुकण या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं.

सुतक फिटलं त्या सकाळी सामंत पुन्हा वर आले. पंच्यात बांधलेले देव त्यांनी आमच्या उंबऱ्यावर ठेवले. “आता काय ठिबकायचं ते ठिबकू दे. माझ्याने यांची पूजा होणार नाही.”

“घेऊन जा खाली,” माई गरजल्या. हात गळ्यात बांधलेला होता. “फट मी बुजवते म्हटलं ना?”

“नको. नाहीतर चौपाटीवर सोडून येतो.”

माईंनी डाव्या हाताने गाठोडं हिसकावून घेतलं, आणि त्याच हाताने सामंतांना एक जोरदार धक्का दिला. सामंत भिंतीवर आदळले आणि तिथेच खाली बसून ढसाढसा रडले. इतके दिवस ते रडले नव्हते. माई त्यांच्याशेजारी बसून राहिल्या. त्या दोघांना शेजारी बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते सोसवेना, म्हणून मी आत निघून गेले.

ते देव आमच्या देवघरात राहिले. माई त्यांची पूजा करत, पण शिव्या देत देत. “अंगावर चार थेंब पडले तर केवढा कांगावा होता रे तुझा,” बाळकृष्णाला खसाखसा पुसत त्या म्हणायच्या. “पोर दारात पडलं तेव्हा कुठे गेला होतास?” आणि मग त्यालाच लोण्याचा नैवेद्य.

आणि तरीही त्यांनी सांधा पुन्हा भरला. फाटलेलं लुकण खरवडलं, टब काठोकाठ भरला, पीळ ठोसला. उजवा हात कायमचा अधू झाला होता, म्हणून सगळं डाव्या हाताने. कड वेडीवाकडी आली, वस्तऱ्याने बोटही कापलं. मी म्हटलं, “माई, खाली आता देव नाहीत. कशाला एवढा जीव काढता?”

“खाली सामंत आहे ना,” त्या म्हणाल्या.

लुकण सुकल्यावर त्यांनी आंघोळ केली आणि मला खाली बघायला पाठवलं. सामंत ईशान्येच्या रिकाम्या कोपऱ्यात, जमिनीवर, छताकडे तोंड करून बसले होते. कोपरा कोरडा ठणठणीत होता. मला पाहून म्हणाले, “सांग तुझ्या सासूला, थेंबसुद्धा नाही.” आणि पुन्हा छताकडे बघत म्हणाले, “वाट बघत होतो गं.”

मी वर येऊन एवढंच सांगितलं, की गळत नाही.