ज्युरर नंबर सातचा स्वेटर

आमच्या घरी चारच्या चहाला एक नियम आहे. बायकोने दिवसभरात घडलेलं सगळं सांगायचं आणि मी त्यावर निकाल द्यायचा. शेजारच्या बाई लिफ्टमध्ये काय म्हणाल्या, ग्वेल्फ गावी राहणाऱ्या लेकीचा फोन का आला नाही, कोथिंबीर कुठल्या दुकानात ताजी होती, काहीही सुटत नाही. बेचाळीस वर्षं हे चाललं आहे. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची तेव्हाही चालायचं, आणि दोघं रिटायर झाल्यावर तर एका कपाचे दोन कप झाले. निकाल मीच देतो, कारण मी इंजिनीयर आहे आणि माझा आवाज मोठा आहे. शिवाय माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आमच्या घरातला निकाल रात्रीपर्यंत आमच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या निम्म्या मराठी मंडळींना कळलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी जुलैत कोर्टाचं पाकीट आलं. घरातली पाकिटं मी फोडतो, फॉर्म मी भरतो, तिने फक्त सही करायची. त्यामुळे ज्युरीचं, म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या बारा नागरिकांत बसायचं, बोलावणं मलाच आलंय असं धरून मी लेकीला फोनसुद्धा करून टाकला. कागदावर नाव बायकोचं आहे, हे बायकोनेच दाखवलं. इतकी वर्षं या देशात राहून मला एकदाही बोलावलं नाही आणि तिला बोलावलं, याचा मला चक्क राग आला. पण राग आला असं थोडंच म्हणता येतं? मी काळजी आहे असं म्हटलं.

"सांग की इंग्रजी नीट येत नाही. सोडून देतात."

"सिटिझनशिप घेताना येत होतं ना?" ती म्हणाली. "आता जजसमोर विसरू?"

ठरल्या दिवशी ती एकटीच सबवेच्या गाडीने गेली. संध्याकाळी परतली तेव्हा चपला न काढताच सांगायला लागली. हॉलमध्ये दोन-अडीचशे माणसं, एका पेटीतून नंबर काढत होते. कुणाची पाठ दुखत होती, कुणाची सुट्टी बुक झाली होती. हिचा नंबर आला. जजने विचारलं, काही अडचण आहे का? ही म्हणाली, नाही.

"सात नंबरची खुर्ची मिळाली," ती म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "अहो, तिथं बारा जणांत माझंही मत धरणार. मला विचारणार, तुला काय वाटतं."

घर कुठे घ्यायचं, गाडी कुठली, लेकीला कुठल्या कॉलेजात घालायचं, हे सगळे निकाल कुणी दिले होते ते दोघांनाही माहीत होतं.

"आणि हो," ती म्हणाली, "केसबद्दल घरी एक अक्षर बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. तुमच्याशीसुद्धा."

चारचा चहा साडेपाचवर गेला आणि मुका झाला. नऊ नंबरचा पोरगेला माणूस रोज उपाशी येतो आणि आता तिच्या डब्यातलं थालीपीठ खातो, एवढंच कळायचं. मी नाना तऱ्हा केल्या. "चोरीची केस आहे का?" "साखर देऊ?" "मारामारी असणार." "बिस्किट घ्या." माझ्याच घरात मला कुणी काही सांगेना. भारी चिडलो होतो मी.

तिसऱ्या दिवशी मला सुचलं की कोर्ट तर सगळ्यांना खुलं असतं. तिथं बसून पाहायला कायद्याची कुठे ना आहे? त्यात सकाळी ती स्वेटर विसरून गेली. बाहेर उकाडा असला तरी या देशात एसी माणसाला गोठवतो, आणि तिला सर्दी लगेच होते. मी स्वेटर आणि एक वही घेतली आणि निघालो. वही कशाला, तर मुद्दे टिपायला. खटला संपला की चहाला बसून तिचं कुठे चुकलं ते सांगता आलं असतं.

मी मागच्या बाकावर बसलो तेव्हा ज्युरीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एक मुद्दा ज्युरीने ऐकायचा की नाही, यावर वकिलांची जुंपली होती, म्हणून बाराही जणांना आतल्या खोलीत पाठवलं होतं. मी मात्र पाऊण तास सगळं ऐकलं आणि चार पानं भरली. शेवटी जजनी ठरवलं की ही गोष्ट ज्युरीसमोर येणार नाही. आरोपी म्हणजे एक विशीतला मुलगा होता. त्याची आई पुढच्या बाकावर पर्स छातीशी धरून बसली होती.

मग दार उघडलं आणि ज्युरी आली. सातवी माझी बायको. कोपरं अंगाशी आवळून, खांदे वर करून चालत होती. गारठली होती बिचारी. मला पुढचं-मागचं काही सुचलं नाही. मी उभा राहिलो, स्वेटर हवेत धरला आणि म्हणालो, "अगं, स्वेटर!"

सगळं कोर्ट वळून माझ्याकडे बघायला लागलं. बायको तेवढी बघत नव्हती. तिने डोळे मिटून घेतले होते.

ज्युरीला पुन्हा आत पाठवलं. जजनी मला विचारलं मी कोण, सकाळपासून इथे होतो का, आणि त्या वहीत काय लिहिलंय. मी खरं ते सांगितलं. एक वकील उठून म्हणाला की ज्युरर नंबर सातला काढून टाकावं लागेल. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जी गोष्ट तिने ऐकायची नव्हती, ती घेऊन मी तिच्याच घरी जाणार होतो. तिची खुर्ची मी घालवली होती. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

तिला एकटीला आणलं. जजनी विचारलं, नवऱ्याने काही सांगितलं आहे का?

"नो, युवर ऑनर," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "ही आस्क्स मी एव्हरी डे. आय टेल हिम नथिंग."

"आणि आता तो तुम्हाला काही सांगणार नाही, याची खात्री आहे?"

ती माझ्याकडे वळली. माझा बडबडेपणा तिच्याइतका कुणालाच माहीत नाही. नाही म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

"येस," ती म्हणाली. "ही विल मॅनेज."

जजनी तिला ठेवून घेतलं. मला पुन्हा कोर्टात यायचं नाही असं बजावलं. स्वेटर कोर्टाच्या माणसाने नेऊन दिला. मी घरी आलो आणि ती चार पानं फाडून, बारीक तुकडे करून टाकली.

पुढचे सहा दिवस आम्ही समोरासमोर बसून हवामानावर बोललो. मी जीभ अक्षरशः दाताखाली धरली होती. मंडळींचे फोन घेणं बंद केलं. लेक म्हणाली, "आर यू सिक, बाबा?"

सातव्या दिवशी ती आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "सुटला. आई त्याच्या गळ्यात पडून रडली." आतल्या खोलीत काय बोलणं झालं ते ती आजतागायत सांगत नाही. कायद्याने सांगताच येत नाही. त्या रात्री मात्र तिला शांत झोप लागली.

माझ्यावरची बंदी आता संपली होती. आठवडाभराने चहा ओतताना तिने विचारलं, "अहो, आम्हाला बाहेर पाठवलं होतं तेव्हा काय चाललं होतं हो?"

तिचा निकाल बरोबर होता की चूक, हे सांगायची इतकी छान संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. पण तिची ती शांत झोप आठवली आणि जिभेवर आलेलं मी चहाबरोबर गिळलं.

"कोण जाणे," मी म्हटलं. "मला डुलकी लागली होती."

तिने मान डोलावली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

हे लिहून झाल्यावर मी तिलाच आधी वाचायला दिलं. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं. नऊ नंबरचा माणूस थालीपीठ नव्हे, धपाटे खायचा, एवढी दुरुस्ती सांगितली. मग डुलकीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे असंच राहू द्या," ती म्हणाली, आणि माझ्या कपात अर्धा चहा आणखी ओतला.